तपासणीचे पैसे घ्या, पण तपासणी दाखवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात वाशीच्या एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. संगणक दुरुस्तीच्या दुकानाने नुसता संगणक ‘उघडून बघण्याचे’ तीनशे रुपये लावले आणि दुरुस्ती न करताच तो परत केला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा राग मी समजू शकते, परंतु माझा अनुभव नेमका उलटा आहे. मी ज्या दुकानातून माणूस बोलावला त्यांनी बघण्याचा एक रुपयाही घेतला नाही, आणि बघण्याचे पैसे न घेतल्यामुळेच मला काही हजारांचा भुर्दंड आणि कित्येक वर्षांच्या कामावर पाणी सोडण्याची वेळ येता येता राहिली. त्या दुकानाचे नाव मी येथे देणार नाही. जे झाले ते कोणत्याही दुकानात होऊ शकते असे माझे मत आहे, आणि ते का होते हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

मी ठाण्यातल्या नौपाड्यात राहते आणि गेली बावीस वर्षे घरूनच मराठी पुस्तकांची व नियतकालिकांची अक्षरजुळणी करते. माझा डेस्कटॉप २०१३ साली सुटे भाग आणून जोडून घेतलेला आहे. मध्यंतरी त्यात रॅम वाढवली, विंडोज १० घातले, पण मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी) आणि एक टेराबाइटची हार्डडिस्क तीच राहिली. या डिस्कवर पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली अशी अनेक पुस्तके आहेत की ज्यांच्या फाइली आता प्रकाशकांकडेही उरलेल्या नाहीत, आणि यंदा त्याच डिस्कवर दोन दिवाळी अंकांची अर्धी पाने होती. बॅकअप होता, पण तो मार्चमधला. माझ्या व्यवसायातल्या माणसाने हे सांगताना लाजावे, पण खरे ते सांगितले पाहिजे.

ऑगस्टमधल्या एका रात्री पाऊस असा लागला की गॅलरीच्या दाराखालून पाणी खोलीत आले. संगणकाचे कॅबिनेट (ज्याला आपण सगळे चुकीनेच सीपीयू म्हणतो) टेबलाखाली जमिनीवर होते. वीज गेलेलीच होती. मी अंधारात मागच्या वायरी उपसल्या, कॅबिनेट ओढून काढले आणि स्टुलावर ठेवले. सकाळी सगळे पुन्हा जोडून बटण दाबले तेव्हा पंखा फिरला, दिवा लागला आणि पडद्यावर आधी तारीख-वेळेबद्दल काहीतरी येऊन ‘एफ १ दाबा’ अशी सूचना आली. ते दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच ओळ उमटली. संगणक सुरू होता, पण आपली डिस्क त्याला सापडत नव्हती.

स्टेशनजवळच्या दुकानातून आलेल्या मुलाने पाच मिनिटांत निदान केले. त्याने सुरुवातीलाच डिलीट दाबून बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डातला मूळ प्रोग्रॅम) उघडले, साटा पोर्टांच्या (डिस्कची केबल जिथे लागते त्या खाचांच्या) यादीत सगळीकडे ‘नॉट प्रेझेंट’ असे दाखवले आणि म्हणाला, “ताई, हार्डडिस्क उडाली. नवीन एसएसडी घाला, विंडोज टाकून देतो, मशिन पळायला लागेल.” (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली, नव्या प्रकारची डिस्क.) जुना डेटा हवा असेल तर डिस्क बाहेर पाठवावी लागेल, त्याचा खर्च वेगळा आणि खात्री नाही, आणि डेटा नको असेल तर जुनी डिस्क दुकानातच ठेवा, ती आम्ही भंगारात देतो, असेही त्याने सांगितले. मुलगा नम्र होता, त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मात्र या पाच मिनिटांत त्याने कॅबिनेटचा स्क्रू एकदाही काढला नव्हता, हे माझ्या लक्षात आले ते तो निघून गेल्यावर.

ऐरोलीत राहणारा माझा भाचा संगणकांचेच काम करतो. त्याला फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “मावशी, डिस्क फिरतेय का? हात लावून बघितलंस?” कोणी बघितलेच नव्हते. मग व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्याकडून जे करून घेतले ते मी थोडे सविस्तर सांगते, कारण स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही ते जमण्यासारखे आहे.

मुख्य प्लग भिंतीतून काढायचा, त्यानंतर संगणकाचे बटण दोन-चार सेकंद दाबून धरायचे म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालायचा. डिस्कच्या मागे दोन चपटे प्लग असतात. रुंद असतो तो विजेचा, त्याला पंधरा संपर्कपट्ट्या असतात. अरुंद असतो तो डेटाचा, त्याला सात. दोन्हींचे तोंड इंग्रजी एल अक्षरासारखे असल्याने ते उलटे बसत नाहीत, पण अर्धवट मात्र सहज बसतात, आणि अर्धवट बसलेला प्लग दुरून पाहिला तर पूर्ण बसल्यासारखाच दिसतो. मी झाकण उघडे ठेवून, हात आत न घालता, संगणक पुन्हा सुरू केला आणि डिस्कच्या कडेला दोन बोटे टेकवली. बारीक, एकसारखी थरथर लागत होती. डिस्कच्या मोटारीला बारा व्होल्ट आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्सला पाच व्होल्ट लागतात. थरथर लागते म्हणजे निदान मोटारीपर्यंत वीज पोचते आहे, तबकड्या फिरत आहेत. डिस्क मुळीच फिरली नसती तर संशय विजेच्या प्लगवर, एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर) किंवा डिस्कच्याच सर्किटवर गेला असता. ती फिरते आहे, खटखट असा आवाज नाही आणि तरीही बायोसला दिसत नाही, तेव्हा आधी डेटाची केबल आणि तिचा मदरबोर्डावरचा पोर्ट बघायचा, असे त्याचे म्हणणे.

आणि तेच निघाले. मदरबोर्डाच्या बाजूचा प्लग एका बाजूने तांदळाच्या दाण्याएवढा वर आलेला होता. या प्लगांना धातूची एक छोटी चिमटी असते, ती पोर्टात अडकून प्लग धरून ठेवते. माझ्या केबलची चिमटी तुटलेली होती, आणि कॅबिनेट वर्षानुवर्षे भिंतीला चिकटून असल्याने बाजूच्या झाकणाने केबल दुमडून तिच्यावर कायमची घडी पडलेली होती. त्या रात्रीच्या ओढाताणीत तिने उरलासुरला आधार सोडला असणार. डीव्हीडी ड्राइव्ह मी कधीच वापरत नाही, तेव्हा त्याची केबल काढून डिस्कला लावली, पोर्टही बदलला. बायोसमध्ये डिस्कचे नाव आले. दुकानदाराने ‘उडाली’ म्हणून सांगितलेली डिस्क ती हीच.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि माझ्या मते खरी शिकण्यासारखी बाब पुढेच आहे. डिस्क दिसू लागली तरी विंडोज सुरू होईना. निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे येऊन संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागला. अशा वेळी कोणीही म्हणेल, डिस्क खराबच आहे, विंडोज नव्याने टाका. भाच्याने मला बायोसमधली तारीख वाचायला सांगितली. ती होती १ जानेवारी २०१२, म्हणजे मी संगणक घेतला त्याच्याही आधीची! मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा तीन व्होल्टचा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसमधल्या निवडी जपणे या सेलवर अवलंबून असते. मात्र मुख्य प्लग भिंतीत आणि भिंतीवरचे बटण चालू असेल तर एसएमपीएस थोडीशी वीज मदरबोर्डाला देतच राहतो, त्यामुळे सेल मेला तरी महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. माझा सेल केव्हाच संपला असावा. त्या रात्री वीज गेली, मी प्लगही काढला, आणि बायोस सगळे विसरून कारखान्यातल्या मूळ निवडींवर गेला. त्यातली एक निवड होती साटाच्या पद्धतीची, म्हणजे मदरबोर्डाने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे याची. माझे विंडोज एएचसीआय या नव्या पद्धतीत बसवलेले होते. जुन्या मदरबोर्डाची मूळ निवड आयडीई ही जुनी पद्धत होती. विंडोज ज्या पद्धतीत बसवलेले असते ती बदलली की सुरू होतानाच त्याला स्वतःची डिस्क वाचता येत नाही, आणि निळा पडदा येतो. जांभळी नाक्याजवळून चाळीस रुपयांचा सेल आणला, बायोसमध्ये आयडीईचे एएचसीआय केले, तारीख लावली, साठवले. दीड मिनिटात माझा नेहमीचा डेस्कटॉप, त्यावरच्या दोन्ही दिवाळी अंकांच्या फोल्डरांसह, समोर आला. मी पहिले काम केले ते सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचे, जेवण त्यानंतर.

सकाळी ‘एफ १ दाबा’ ही जी सूचना आली होती, ती याच सेलची तक्रार होती. दुकानातल्या मुलालाही ती दिसली असती, पण त्याने पडदा पुढे जाण्याआधीच डिलीट दाबले.

नंतर भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक फुकट सॉफ्टवेअर उतरवायला लावले. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या काही नोंदी ठेवत असते, त्या हे सॉफ्टवेअर वाचून दाखवते. खराब म्हणून बाजूला काढलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या माहितीच्या लहान कप्प्यांची) नोंद शून्य, संशयित सेक्टरांची नोंद शून्य. पण सी ७ या क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीच्या गणनेत, चार आकडी संख्या. हा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही, फक्त पुढे वाढत नाही. गेले कित्येक महिने मोठी फाइल साठवताना संगणक मधेच दहा-दहा सेकंद अडकायचा, आणि मी पेजमेकरला शिव्या घालत होते.

ही हकिकत आमच्या इमारतीत पसरली आणि मला भलतीच ख्याती मिळाली. दोन शेजारी आपापल्या न दिसणाऱ्या डिस्क घेऊन माझ्याकडे आले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नवी एसएसडी आणून लावली होती. बायोसमध्ये ती दिसत होती, पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नव्हती. त्यात काहीच बिघडलेले नव्हते. कोरी डिस्क विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आधी इनिशियलाइज करावी, म्हणजे वापरासाठी तयार करावी लागते, मग तिच्यावर भाग पाडून (डी, ई असे) अक्षर द्यावे लागते, तेव्हा ती खिडकीत येते. मात्र हाच ‘इनिशियलाइज’चा प्रश्न जर डेटा भरलेल्या जुन्या डिस्कबद्दल आला, किंवा ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विंडोजने विचारले, तर होय म्हणू नये. तिथे एक चुकीचे बटण केबलच्या बिघाडाचे रूपांतर खऱ्या नुकसानीत करू शकते. दुसरे प्रकरण अकरावीतल्या एका मुलाचे. त्याने मदरबोर्डावरच्या एम डॉट टू (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीसाठीच्या) खाचेत नवी एसएसडी बसवली आणि त्याची जुनी हार्डडिस्क नाहीशी झाली. बऱ्याच मदरबोर्डांवर ती खाच आणि एखाद-दोन साटा पोर्ट यांची वाट सामायिक असते. खाच भरली की ते पोर्ट बंद होतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते, आणि पुस्तिका कोणी वाचत नाही. जुनी डिस्क शेजारच्या पोर्टात लावताच ती परत आली. अलीकडच्या संगणकांबद्दल आणखी एक सांगते: डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेने कुलूपबंद असेल, तर बायोसमध्ये फेरफार केल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते, तेव्हा ती हाताशी असल्याखेरीज बायोसला हात लावू नये.

डिस्क कधीच खरोखर जात नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येऊ लागला, तर आतले माहिती वाचणारे-लिहिणारे हेड जागेवर पोचत नाही असा त्याचा बहुधा अर्थ असतो. हे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर एवढ्याच अंतरावरून तरंगते, आणि अशी डिस्क चालू ठेवण्याचा प्रत्येक मिनिट तबकडीवर ओरखडे पाडू शकतो. तेव्हा ती लगेच बंद करावी, घरी उघडू नये आणि डेटा हवा असेल तर जाणकाराकडेच द्यावी. अशी डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला मलाही तीन जणांनी दिला. ठाण्याच्या पावसाळी हवेत फ्रीजरमधून काढलेल्या डब्यावर काय जमते ते रोज स्वयंपाकघरात दिसते. तेच पाणी डिस्कच्या सर्किटवर जमणार.

आता वाशीच्या वाचकांच्या मूळ तक्रारीकडे येते. आठवड्याभराने त्या दुकानातून मला फोन आला, नव्या डिस्कचे काय ठरले म्हणून. मी काय निघाले ते सांगितले. दुकानाचे मालक स्वतः बोलत होते; ते न चिडता म्हणाले, “केबल आम्हीही बघितली असती, ताई. पण अर्धा तास बसून केबल बदलली आणि पाचशे रुपये मागितले असते, तर तुम्ही दिले असते?” मी प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा उत्तर ‘नाही’ असेच आले. शंभर रुपयांची केबल आणि चारशे कसले, असे मी नक्कीच म्हटले असते. आपण ग्राहक वस्तूचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. मग दुकानदाराच्या दृष्टीने वस्तू विकणे हेच निदान होऊन बसते, आणि ‘उडाली’ हा शब्द तपासणीची जागा घेतो. म्हणून वाशीच्या दुकानाने बघण्याचे तीनशे रुपये घेतले यात मला गैर दिसत नाही. गैर दिसते ते हे, की तीनशे रुपयांत काय बघितले हे त्या वाचकांना कोणी सांगितल्याचे त्यांच्या पत्रात दिसत नाही, आणि त्यांनीही ते विचारलेले दिसत नाही.

ठाणे व नवी मुंबईतल्या दुरुस्ती व्यावसायिकांना माझी विनंती आहे की त्यांनी तपासणीचे शुल्क उघडपणे लावावे, आणि त्याच्या पावतीवर चार ओळी लिहाव्यात: डिस्क फिरते की नाही, दुसरी केबल व दुसरा पोर्ट लावून पाहिला का, बायोसचा सेल व साटाची पद्धत पाहिली का, आणि डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून पाहिली तेव्हा काय झाले. यातली शेवटची चाचणी ग्राहकाच्या समोर करावी. यूएसबीला जोडणारे अ‍ॅडॉप्टर बहुतेक दुकानांत असतेच. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कसाठी बारा व्होल्टचा वेगळा विद्युतपुरवठा असलेले घ्यावे लागते एवढेच, कारण यूएसबीच्या पाच व्होल्टवर ती फिरत नाही आणि मग चांगली डिस्कही मेलेली ठरते.

दुसरी विनंती जुन्या डिस्कबद्दल. दुकानात ‘भंगारात देतो’ म्हणून जी डिस्क ठेवून घेतली गेली असती, ती माझ्या उदाहरणात पूर्ण चालू स्थितीतली, प्रकाशकांच्या अप्रकाशित पुस्तकांनी, माझ्या बँकेच्या कागदपत्रांनी आणि घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रतींनी भरलेली डिस्क होती. कोणीही तिला दुसरी केबल लावली असती तर ती उघडली असती. म्हणून संगणक दुकानात देतानाच डिस्कच्या लेबलचा, तिच्या अनुक्रमांकासह, फोटो काढून ठेवावा, तो अनुक्रमांक दुकानाच्या पावतीवर लिहून घ्यावा आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घ्यावी. वॉरंटीत बदलून मिळणाऱ्या डिस्कबाबत ही सोय सहसा नसते. जुनी डिस्क कंपनीकडे जाते आणि वॉरंटी वस्तूची असते, तिच्यातल्या माहितीची नसते, तेव्हा तो निर्णय माहिती उतरवून घेतल्यावरच करावा. दुकानाने जुनी डिस्क परत देण्यास नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

माझी तुटक्या चिमटीची केबल मी टाकून दिलेली नाही. दुकानाच्या मालकांनी ती बघायला मागितली आहे. येत्या शनिवारी ती घेऊन जाणार आहे, आणि त्यांच्या पावतीपुस्तकात वरच्या चार ओळींसाठी जागा करता येईल का, हेही तेव्हाच विचारणार आहे.

आपली नम्र,
एक अक्षरजुळणीकार वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)